शेंगवाल्याची दाढ

तो जिना चढून वर आला तेव्हा त्याचा एक हात गालावर होता आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत दाढेचा तुकडा.

"हा माझा," मूठ उघडत तो म्हणाला. "म्हणजे... आत्ताआत्तापर्यंत होता."

दातांच्या डॉक्टरने मास्कच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. उंच, किरकोळ, आणि केसांत, भुवयांत, शर्टाच्या खिशात सगळीकडे पिवळसर भुकटी. जणू कुणीतरी त्याला पिठाच्या डब्यात बुचकळून बाहेर काढलं होतं आणि झटकायचं राहून गेलं होतं. तो आत आला आणि दवाखान्यातला औषधांचा वास गुपचूप मागे सरकला. त्याच्या जागी भाजलेल्या साखरेसारखा, खरपूस, गोडसर वास येऊन बसला.

"काय चावलंत?"

"बी."

"कसली?"

"मेस्किटची. वेडी बाभूळ असते ना, तिच्या भाऊबंदांतलं झाड. शेंगा फार गोड असतात हो त्याच्या, पण आतली बी म्हणजे दगड. शेंग चघळायची असते, चावायची नसते. मी स्वतःच सगळ्यांना बजावत फिरतो. पण खालच्या बाईंना चघळून दाखवताना त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं... की मी घाबरून चावलो."

"खालच्या बाई म्हणजे बेकरीवाल्या?"

"त्याच. फार कडक आहेत. म्हणाल्या, बाभळीच्या शेंगा गुरं खातात, माझी गिऱ्हाइकं काय गुरं आहेत? तेवढ्यात माझ्या तोंडातून कड्कन आवाज आला. तर म्हणाल्या, वर जा, वर माझी..." तो थांबला. डोळे हळूहळू मोठे झाले. "...वर माझी मुलगी बसते."

"बसा," मुलगी म्हणाली.

खाली आईची बेकरी आणि वर लेकीचा दातांचा दवाखाना. मायलेकींनी धंदा वाटून घेतलाय, असं गल्लीतले लोक हसून म्हणत. आईनं दात किडवायचे, लेकीनं भरायचे. दारावरच्या पाटीवर तिच्या नावापुढे पदव्यांची लांबलचक शेपटी होती, पण घरात ती चिमीच होती. चिमी लोकांना गोड खाऊ नका म्हणून दिवसभर दटावायची आणि खालून भट्टीचा वास वर आला की स्वतःच आवंढा गिळायची.

शेंगवाला खुर्चीत बसला. खुर्ची मागे झुकली, दिवा खाली आला, आणि त्याने खुर्चीचे हात असे घट्ट धरले, जणू ती आता उडणारच.

"अक्कलदाढ तर नाही ना तुटली?" त्याने घाबरत विचारलं.

चिमीने आरसा आत घातला. "छे. अक्कलदाढ एकदम शाबूत आहे. कधी वापरलेलीच दिसत नाही."

"आं आं आं!" शेंगवाल्याने निषेध नोंदवला.

मास्कच्या आत चिमी हसली. पण हसणं डोळ्यांपर्यंत जातं आणि डोळ्यांवर मास्क नसतो, हे तिच्या लक्षात आलं नाही. त्याच्या मात्र आलं.

दाढेची नस उघडी पडली होती. ती काढावी लागणार, मग दाढ भरायची, वर टोपी बसवायची, बऱ्याच खेपा घालाव्या लागतील, असं तिने सांगितलं. ऐकून लोकांचे चेहरे पडतात. याचा खुलला.

"किती खेपा? नाही म्हणजे... घाई नाही मला. सावकाश करा."

जाताना त्याने खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "शेंगांचं पीठ आहे. विकत घ्या म्हणत नाही. नुसतं हुंगा."

तो गेल्यावर चिमीने ती पुडी बाजूला सारली. पुढचा पेशंट तपासला. मग पुडी जवळ ओढली. मग आणखी एक पेशंट. शेवटी दाराला कडी घालून तिने करंगळी ओली केली, पिठात बुडवली आणि जिभेवर टेकवली. आधी भाजल्या साखरेची गोडी, मागून बदामाची चव, आणि अगदी शेवटी उन्हात तापलेल्या लाकडाचा वास... तिने डोळे मिटले. मग स्वतःवरच चिडून चूळ भरली.

चिडायला कारण होतं. गेल्या वर्षी आईच्या रक्तात साखर सापडली, आणि आईने ती बातमी अपमानासारखी घेतली. सारा जन्म जिच्याशी इमानानं राहिले तीच उलटली म्हणे! त्या दिवसापासून आईने स्वतःच्या बेकरीतला कण तोंडात घातला नव्हता. आणि न चाखता भाजणाऱ्या माणसाचा हात चुकत जातो. आधी केक फिका झाला, मग आलं-दालचिनीची बिस्किटं बिघडली. त्या बिस्किटांसाठी लोक पलीकडच्या वस्तीतून चालत यायचे. आता तीच माणसं काचेच्या कपाटाकडे बघून "आज पाव द्या फक्त" म्हणायची. आई कपाटाची काच पुसायची. पुसलेली काच पुन्हा पुसायची.

पुढच्या खेपेला दाढेत औषध घालता घालता चिमीने विचारलं, "त्या पिठात साखर नाहीच, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"ऑं."

"बोला."

"तुम्ही बोट काढलंत तर बोलेन." तो उठून बसला, बधिर ओठ सावरत. "आहे की साखर. खोटं कशाला बोलू? नसती तर गोड कसं लागलं असतं? पण सोबत तंतू भरपूर असतात, त्यामुळे ती रक्तात धावत सुटत नाही, हळू चढते. थोडी प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. म्हणून साखरेला आणि मैद्याला थोडी सुट्टी देता येते, एवढंच. औषध नाही ते. औषध म्हणून कुणी मागितलं तर मी देतच नाही."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं, की हातातलं अवजार तिने उगाचच पुन्हा पुसलं. आपल्या मालाचा एवढा कमी गवगवा करणारा विक्रेता तिने पाहिला नव्हता. याचं दुकान चालतं तरी कसं?

"आणि दातांना?" त्याने विचारलं.

"साखर ती साखर. खाल्लं की चूळ भरायची."

"छापू का पाकिटावर? दातांच्या डॉक्टरांचा सल्ला म्हणून?"

"माझ्या नावानं एक अक्षरही छापायचं नाही," चिमी कडाडली. "माझ्या शब्दावर लोक तोंड उघडून बसतात. तो शब्द बिस्किटांना चिकटवायचा नाही."

"नाही चिकटवत," तो गंभीरपणे म्हणाला. मग बधिर ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळलं आणि गांभीर्य वाहून गेलं.

आईच्या डॉक्टरांना विचारून झालं. एखाददुसरं बिस्किट, तेही जेवणाचा हिशेब सांभाळून, असं ते म्हणाले. मग चिमी शेंगवाल्याला घेऊन खाली गेली.

"हे परत आले?" आई म्हणाली. "आता कुठली दाढ फोडायची राहिलीय?"

"आई, एकदा करून तर बघ."

"काय तर म्हणे वेड्या बाभळीचं पीठ. वेडी ती बाभूळ की हे, एवढंच मला कळत नाही."

"दोघांचं थोडं थोडं," शेंगवाला नम्रपणे म्हणाला.

आईच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण तिने तो लगेच जागेवर आणला, पदर खोचला आणि परात ओढली. "निम्मं घालू?"

"पाव भागच घाला. आणि भट्टी जरा मंद..."

"भट्टी मला शिकवू नका. ही पोरगी रांगत होती तेव्हापासून पेटवतेय मी भट्टी."

शेंगवाला गप्प बसला. चिमी पेशंट बघायला वर गेली. एका आजोबांच्या कवळीचं माप घेत असताना जमिनीच्या फटीतून आधी गोड वास आला, मग कडवट, आणि मग धूर. आजोबा तोंडात मापाचा साचा घेऊनच जिना उतरले. खाली सगळे खोकत होते. आईच्या हातात काळ्याकुट्ट चकत्यांचा पत्रा होता, आणि शेंगवाला पुठ्ठ्याने धूर दाराबाहेर हाकलत होता, गाईगुरं हाकलावीत तसा.

"याच्यातली साखर लवकर करपते," तो खोकत म्हणाला. "म्हणून म्हणत होतो, मंद..."

"मग मोठ्यांदा का नाही म्हणालात?" आई खेकसली.

"भीती वाटली."

"कशाची? मी काय चावते?"

त्याने गालावर हात ठेवला. आणि आई... आई एकदम फसकन हसली. हातातला पत्रा थरथरायला लागला इतकी हसली. चिमी दारातच थबकली. हा आवाज तिने वर्षभरात ऐकला नव्हता. तिने शेंगवाल्याकडे पाहिलं. तो नेमका तिच्याकडेच बघत होता, धुराने डोळे लाल, नाकावर काजळी. दोघांनी एकाच वेळी नजर दुसरीकडे वळवली आणि दोघांचीही नजर आजोबांवर पडली. ते अजून साचा तोंडात धरून उभे होते.

दुसरा पत्रा मंद भट्टीत गेला. बाहेर आला तेव्हा बिस्किटांना जुन्या तांब्याचा रंग चढला होता. आईने एक उचललं, उलटंपालटं केलं, हुंगलं. मग कुणाकडे न बघता एक कोपरा मोडला आणि तोंडात टाकला.

चिमी आणि शेंगवाला तिच्या जबड्यावर डोळे लावून उभे होते.

आई बराच वेळ चघळत राहिली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मीठ कमी आहे."

चिमीने आनंदाने टाळी वाजवली. शेंगवाला गोंधळला. "अहो, चूक काढली त्यांनी..."

"तेच तर! तुम्हाला नाही कळायचं. आईनं चूक काढली म्हणजे आई परत आली!" आणि त्या भरात तिने त्याचा हात धरला. धरल्याचं लक्षात आल्यावर सोडला. सोडल्यावर दोघांच्या तळहातांवर त्याचं गोडूस पीठ राहिलं.

आलं-दालचिनीची बिस्किटं पुन्हा कपाटात आली. आई रोज एक कोपरा चाखायची आणि रोज काहीतरी चूक काढायची. लोक थांबायला लागले. शेंगवाला पीठ पोचवायला यायचा आणि पीठ पोचवल्यावर दाढ दाखवायला वर यायचा. दाढेवर टोपी बसली, काम संपलं, तरी यायचा.

"दुखतेय," तो खुर्चीत बसत म्हणायचा.

"कुठली?"

"तीच."

एकदा चिमीने हात कमरेवर ठेवले. "त्या दाढेतली नस मी स्वतः काढलीय. ती दुखूच शकत नाही."

"असं?" तो विचारात पडला. "मग... दुसरंच काहीतरी दुखत असेल."

"काय?"

"ते तुमच्याकडच्या दिव्यात दिसत नाही बहुतेक."

तिने दिवा सरळ त्याच्या डोळ्यांवर वळवला. "तोंड उघडा," ती म्हणाली. "आणि बंद ठेवा."

"नक्की काय करू?"

तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. मास्कच्या आत गाल तापले होते, एवढंच कळत होतं.

असं सगळं बरं चाललेलं असताना एका सकाळी एक बाई मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलीचे पुढचे दोन दात किडले होते. गोड कमी करा, चिमीने नेहमीचं सांगायला सुरुवात केली.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "खाली तर तुम्हीच लिहिलंय, निर्धास्त खा म्हणून."

चिमी तशीच हातमोजे घालून खाली उतरली. बेकरीच्या काचेवर आतून नवा कागदी बोर्ड लावला होता. टपोऱ्या लाल अक्षरांत: 'दातांच्या डॉक्टरांनी मान्य केलेली बिस्किटं. खा निर्धास्त!'

आत आई कणीक मळत होती आणि शेंगवाला खांद्यावरचं पोतं उतरवत होता.

"हे कुणी लावलं?" चिमीचा आवाज इतका शांत होता, की आईचे हात परातीतच थांबले.

आईने तोंड उघडलं, मिटलं. कणकेचा गोळा तिच्या बोटांतून हळूहळू खाली ओघळला.

"मी," शेंगवाला म्हणाला.

"तुम्ही?"

"हो. म्हणजे... विक्री वाढेल असं वाटलं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं," चिमी म्हणाली. तिचा आवाज फुटला, आणि तो फुटल्याचा तिला आणखी राग आला. "एकच गोष्ट सांगितली होती. आणि मला वाटलं होतं की तुम्ही तरी... जाऊ दे. पुन्हा वर येऊ नका. दाढ दुखली तरी नाही आणि नाही दुखली तरी नाही."

त्याने मान हलवली. काचेवरचा बोर्ड काढला, घडी घालून काखेत धरला आणि गेला. आई पाठमोऱ्या त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या हाताला लागलेली कणीक वाळून गेली.

नंतरचे दिवस लांबत गेले. पीठ यायचं, पण कुठल्याशा टेम्पोतून. चिमीचा हात कामात होता, मन नव्हतं. एका पेशंटला तिने "चूळ भरा" ऐवजी "भट्टी मंद ठेवा" असं सांगितलं. जिन्यावर पावलं वाजली की तिची मान वळायची आणि पावलं दुसऱ्याच कुणाची निघायची. खाली आईने चूक काढणं सोडलं होतं. बिस्किट चाखायची आणि "ठीक आहे" म्हणायची, आणि आईचं "ठीक आहे" म्हणजे काय, हे चिमीला चांगलं माहीत होतं.

मग एका पावसाळी दुपारी, दवाखाना रिकामा असताना, आई वर आली. आई कधी वर येत नसे. लेकीच्या त्या खुर्चीला ती मनापासून घाबरायची. आज मात्र ती तडक खुर्चीत जाऊन बसली, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "काढ."

"काय काढू?"

"दात. सगळे काढ. खोटं बोलणाऱ्या तोंडाला दात कशाला हवेत?"

"आई, काय बोलतेस?"

"तो बोर्ड मी लावला होता." आईने एक डोळा किलकिला केला. "म्हणजे मला वाटलं, लेक दातांची डॉक्टर, मी बेकरीवाली, एवढं एक वाक्य लिहिलं तर कुठं बिघडलं? आणि तू अशी खाली आलीस, चेहरा पांढरा... माझी वाचाच बसली. आणि त्या शहाण्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले. त्या दिवसापासून घशाखाली घास उतरत नाही. मीठ कमी की जास्त तेही कळेनासं झालंय. त्याला फोनवर म्हटलं मी, सांगते चिमीला खरं. तर म्हणाला, राहू द्या, तुम्ही पुन्हा हसायला लागलाय तेवढं पुरे." आईने दुसराही डोळा उघडला. दोन्ही भरलेले होते. "चिमे, माणूस वेडा आहे. पण इतका वेडा रोज मिळत नाही गं."

चिमीला आईचा राग आला, शेंगवाल्याचा त्याहून जास्त आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण दुसऱ्याच्या तोंडात इतकं बारकाईनं बघणाऱ्या तिने त्याच्या चेहऱ्याकडे मात्र नीट पाहिलंच नव्हतं.

"आई, खुर्चीतून ऊठ."

"दात?"

"दात राहू देत. मला छत्री दे."

त्याची गिरणी गावाच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली होती. चिमी पोचली तेव्हा छत्री उलटी झाली होती आणि केस कपाळाला चिकटले होते. आत बायका सुपांत शेंगा निवडत बसल्या होत्या. शेंगवाल्याचे मामा गिरणीच्या उघड्या पोटाशी चिंतेत उभे होते, आणि खुद्द शेंगवाला त्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

"कोण आलंय बघ," मामा म्हणाले.

त्याने मान वर केली. उठायला गेला आणि डोकं गिरणीच्या पत्र्याला आपटलं.

"तुम्ही? इथं? आई बऱ्या आहेत ना?"

"आई खुर्चीत बसली."

"काय सांगता!" तो मनापासून हादरला. "तुमच्या खुर्चीत? आपण होऊन?"

"आणि सगळं कबूल केलं." ती जवळ आली. "का केलंत असं?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. ते चिकट पिठाने बरबटले होते. "त्यांच्या हातात कणीक होती," तो हळूच म्हणाला. "आणि चेहरा असा, की आता पुन्हा वर्षभर काच पुसत बसतील. तुम्ही माझ्यावर रागावलात तर तुमचा एक पेशंट जाईल. त्यांच्यावर रागावलात तर... मला वाटलं, पेशंट गेलेला बरा."

"आणि तुमचं काय?"

"माझं..." त्याने खांदे उडवले. "तो विचार नंतर आला. रोज येतो."

"मी विचारायला हवं होतं," चिमी म्हणाली. "न विचारता ओरडले. चुकलं माझं." मग, रडू येऊ नये म्हणून, ती गिरणीकडे वळली. "हिला काय झालंय?"

"हवा दमट आहे. शेंगा ओलावा धरतात आणि त्यांच्यातली साखर डिंकासारखी चिकटते. दगडांच्या खाचा पार बुजल्यात. सकाळपासून खरवडतोय, पण बोट जात नाही तिथं अवजारही जात नाही."

चिमीने खांद्यावरच्या पिशवीतून नेहमी जवळ असणारं कातडी पुडकं काढलं. आत तिची बारीक, वाकड्या टोकांची चकचकीत अवजारं होती. बाह्या वर सारत ती खाली बसली आणि गिरणीला म्हणाली, "हं. तोंड उघडा."

सुपं थांबली. बायका माना उंचावून बघू लागल्या. चिमी एकेक खाच साफ करत गेली, आणि शेंगवाला शेजारी बसून तिला उजेड धरत राहिला.

"दिवा हलतोय," ती म्हणाली.

"दिवा नाही हलत."

"मग?"

"मीच हलतोय."

ती खाली मान घालून हसली. आज मास्क नव्हता. त्याने ते हसणं पहिल्यांदा सबंध पाहिलं आणि दिवा भलतीकडेच, छपराकडे धरला.

दगड साफ झाले. मामांनी पट्टा चढवला, गिरणीचं पोट बंद केलं आणि खटका दाबला. गिरणी आधी कुरकुरली, मग गरजली. खडखडाटात पाऊस बुडाला, बायकांची कुजबुज बुडाली, आणि पन्हाळीतून बारीक, पिवळं, सुगंधी पीठ झरायला लागलं. चिमी खटक्याशेजारी उभी होती. शेंगवाला तिच्यासमोर आला. त्याने काहीतरी म्हटलं.

"काय?" तिने ओरडून विचारलं.

तो पुन्हा म्हणाला. तिला कळलं होतं. खरं तर पहिल्या वेळीच कळलं होतं. पण असली वाक्यं परत परत ऐकायची चैन कुणाला नको असते?

"ऐकू येत नाही!"

त्याने छाती भरून श्वास घेतला आणि आवाजाच्या वरताण ओरडला, "मला तुम्ही फार..."

चिमीने खटका बंद केला.

"...आवडता! त्या इंजेक्शनच्या सुईसकट आवडता! लग्न करायचंय मला तुमच्याशी!"

गिरणी थांबली होती. शब्द पत्र्याच्या छपराला आपटून परत आले. सुपांतल्या शेंगा जागच्या जागी राहिल्या. मामांनी खोकल्यासारखं केलं. शेंगवाला कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. आता त्याला लपायला गिरणीचं पोटही मोकळं नव्हतं.

"मुद्दाम केलंत," तो पुटपुटला.

"हो," चिमी म्हणाली.

"मग आता उत्तरही सगळ्यांसमोर द्या."

बायकांनी एकमताने माना डोलावल्या. एकीने तर सूपच बाजूला ठेवलं.

चिमीने सगळ्यांकडे एकवार पाहिलं. मग त्याच्याकडे. त्याच्या पापण्यांवर पीठ बसलं होतं. तिने बोटाच्या टोकाने ते हलकेच पुसलं, आणि दुसऱ्या हाताने खटका पुन्हा दाबला.

गिरणी गरजली. चिमी टाचा उंचावून त्याच्या कानाजवळ गेली नाही. समोर उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करत, सावकाश बोलली. वाक्य लहान नव्हतं. मध्येच ती थांबली, लाजली, पुन्हा सुरू झाली. शेंगवाला तिच्या ओठांकडे बघत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग उजेड, आणि मग तो इतका हसला की नवी टोपी घातलेली मागची दाढसुद्धा दिसली.

"काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?" बायका ओरडून एकमेकींना विचारत होत्या. कुणालाच ऐकू आलं नव्हतं. शेवटी सगळ्याजणी मामांकडे वळल्या. मामांचं अर्धं आयुष्य या खडखडाटात गेलं होतं, आणि ते कानापेक्षा ओठांवरूनच बोलणं ओळखतात हे इथं सगळ्यांना माहीत होतं.

"मामा, सांगा ना! हो म्हणाल्या ना? आणि पुढं काय काय म्हणाल्या?"

मामांनी त्या दोघांकडे पाहिलं. मग उपरण्याच्या टोकाने डोळे टिपले.

"एवढ्या आवाजात काय कळतंय," ते ओरडले. "शेंगा निवडा!"